भिंतीकडेची जागा

"हितं नको सायेब," तानाबाई म्हणाली.

रंगारी पिवळ्या रंगाचा डबा उघडून उकिडवा बसला होता. मॅनेजर विजयसिंहच्या हातात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आलेला नकाशा होता. फुलेवाडी रस्त्यावरच्या त्या सुपरमार्केटच्या आवारात, लहान मुलं घेऊन येणाऱ्या आईबापांसाठी गाड्यांच्या चार जागा राखून ठेवायच्या होत्या. नकाशात त्या मुख्य दाराच्या बरोबर समोर दाखवल्या होत्या.

"का? दारापासनं जवळ हाय की," विजयसिंह म्हणाला.

"जवळ हाय, पर मदनं गाड्यांचा रस्ता जातोय."

मग तिनं त्याला हातानं दाखवत सगळं सांगितलं. तळघरातून गाडी वर येते ती ह्याच रस्त्यानं. चढ चढताना चालवणाऱ्याला समोर नुसतं आभाळ दिसतं, पुढं उभं असलेलं गुडघ्याएवढं पोर दिसत नाही. त्यापेक्षा पलीकडे, इमारतीच्या भिंतीला लागून जागा ठेवावी. तिथून दार चाळीस पावलं लांब आहे. पण भिंतीच्या कडेनं फरशी आहे, एकही गाडी आडवी येत नाही.

"जवळ-लांबचं काय न्हाई वो," ती म्हणाली. "बाईला हात दोन. एक लेकरू खाली उतरवायचं, दुसऱ्याचा पट्टा सोडवायचा, पिशव्या घ्यायच्या. तवर पयलं लेकरू उभं कुटं करायचं? भिंत असली की त्येला भिंतीला टेकवून उभं करता येतंय."

विजयसिंहनं भिंतीकडं पाहिलं, नकाशाकडं पाहिलं. तिचं म्हणणं त्याला पटलं नाही असं नव्हतं. पण नकाशाप्रमाणे काम झाल्याचे फोटो संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. "मावशी, कागदावर हाय तसं करूया," तो म्हणाला. रंगाऱ्यानं दोरी ताणली. दुपारपर्यंत दारासमोर चार पिवळे चौकोन आणि त्यात मुलाचा हात धरलेल्या माणसाचं चित्र तयार झालं.

तानाबाई त्या आवारात सुरक्षारक्षक म्हणून सहा वर्षं उभी होती. साडीवर निळा शर्ट, डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. कोणती गाडी वळायला किती जागा घेते, कोण दार धाडकन उघडतं, कोणत्या म्हाताऱ्याला मागं घेताना आरसा बघायची सवय नाही, हे तिला पाठ झालं होतं. तिच्याशी बोलायचं मात्र कुणाला काही कारण नसे. काच अर्धी खाली करून लोक विचारत, "कुठं लावू?" ती हातानं दाखवी. तेवढंच. लक्षतीर्थ वसाहतीतल्या तिच्या खोलीवर तर तेवढंही नव्हतं.

चौकोन रंगवले तरी त्यात भलत्याच गाड्या लागू लागल्या. जागा दारासमोरची, ज्याला त्याला ती हवीच होती. तानाबाई प्रत्येकाला जाऊन सांगे, ही पोरंवाल्यांची जागा हाय, गाडी पुढं घ्या. काही जण घेत. एकदा पांढरीशुभ्र मोठी गाडी घेऊन आलेला माणूस मात्र उतरून सरळ चालू लागला. ती त्याच्या मागं गेली. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो थांबला आणि तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "तुला तरी हायत का पोरं? मग कशाला राखत बसलीयास?"

त्याला काही ठाऊक नव्हतं. तो जे तोंडाला आलं ते बोलून गेला. तानाबाई तिथंच उभी राहिली.

मुरगूडला तिनं अकरा वर्षं संसार केला होता. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं, बाळासोनं, दुसरी बायको केली. तानाबाई भांडली नाही. सवतीला मुलगी झाली तेव्हा पोरीची अंघोळ, तेल, शेक सगळं तानाबाईनं केलं. पोर तिच्याच कुशीत झोपायची, रात्री दचकली तर तिलाच चिकटायची. दीड वर्षानं पोरीला सारखा ताप येऊ लागला, तशी सवत एक दिवस शांतपणे म्हणाली, "आक्का, तिला आता कडेवर घेत जाऊ नका. वांझेची नजर लागती म्हणत्यात." बाळासो तिथंच जेवत बसला होता. त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. आठ दिवसांनी तानाबाईनं पिशवी भरली आणि कोल्हापूरची एसटी धरली. कुणी न्यायला आलं नाही. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

रंगकामाला महिना झाला असेल. शनिवार होता. एक तरुण बाई लाल रंगाची लहान गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर तीनेक वर्षांचा मुलगा आणि एक तान्हं बाळ. तानाबाईनं तिला पिवळ्या चौकोनात जागा करून दिली. बाईनं मुलाला खाली उतरवलं, "इथंच उभा राहा हं राजवीर," म्हणाली आणि बाळाचा पट्टा सोडवायला आत वाकली. दाराजवळ मुलांना बसायचा झुलणारा घोडा होता. राजवीरनं तो पाहिला आणि तो धावला.

तळघरातून गाडी वर येत असल्याचा आवाज तानाबाईनं ऐकला. तिनं शिट्टी वाजवली नाही, तेवढा वेळच नव्हता. ती धावली आणि पोराच्या शर्टाला धरून तिनं त्याला मागं फेकल्यासारखं ओढलं. गाडीचा आरसा तिच्या उजव्या हातावर बसला. गाडी थांबली. चालवणारे वयस्कर गृहस्थ उतरले.

राजवीरला खरचटलं होतं, बाकी तो धड होता. त्याची आई बाळाला छातीशी धरून आली. आधी तिनं पोराला एक चापट मारली आणि मग जमलेल्या लोकांसमोर तानाबाईवर ओरडली, "लक्ष कुठं असतं तुमचं? मग उभ्या कशाला असता इथं?"

तानाबाई हात धरून खाली बसली होती. तिला त्या बाईचा राग आला नाही. ती स्वतः असती तर अशीच ओरडली असती, असं तिला वाटलं.

सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालताना तिथल्या माणसानं उजव्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या. दोन दिवसांनी विजयसिंह एक कागद घेऊन खोलीवर आला. सुरक्षारक्षकानं तळघरातून येणारी गाडी वेळेत थांबवली नाही, त्यामुळे प्रकार घडला, असं त्यात लिहिलं होतं.

"जागा चुकीची हाय असं मी लिहिलंतं," तो खाली बघत म्हणाला. "पुण्यास्नं परत आलं. असं लिहून द्या म्हणाले. मावशी, माझीबी नोकरी हाय."

तिनं डाव्या हातानं सही केली. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी आली. विजयसिंह म्हणाला की कामावरनं कुणी काढणार नाही. हात बरा झाला की आतल्या पिशव्या तपासायच्या टेबलावर बसायचं, आवारात दुसरा माणूस घेतलाय. एका हातानं केस विंचरता येत नव्हते. पहिल्या दिवशी शेजारणीनं वेणी घालून दिली होती. रोज कुणाला सांगायचं, म्हणून तिनं डोक्याला ओढणी गुंडाळली. पुढचे काही दिवस तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे सकाळचा दूधवालाच.

आठव्या दिवशी दार वाजलं. ती बाई होती, बाळाला कडेवर घेऊन. तिच्या पाठीमागं राजवीर लपला होता. तिनं आपलं नाव पूर्णिमा सांगितलं. एका शाळेत शिकवते, नवरा कामासाठी परगावी असतो, दोघांचं तिला एकटीलाच बघावं लागतं.

"त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कळलं, तुमचा हात मोडलाय."

"भ्यालं की माणूस बोलतंय," तानाबाई म्हणाली. तिनं डाव्या हातानं चहा केला. पूर्णिमा करू पाहत होती, पण तिनं तिला उठू दिलं नाही. बोलता बोलता पूर्णिमानं विचारलं की अशी धोक्याची जागा मुलांसाठी कुणी निवडली. तानाबाईनं भिंतीचं सगळं सांगितलं, विजयसिंहला सांगितलं होतं तसंच. पूर्णिमा चहा पिता पिता थांबली.

"हे इतकं कसं कळलं हो तुम्हाला?"

"सा वर्सं नुसतं बगतिया की," तानाबाई म्हणाली.

निघताना पूर्णिमानं तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. कंपनीला पत्र लिहीन म्हणाली. तानाबाईनं मान हलवली. लोक असं म्हणतात, हे तिला माहीत होतं. कितीतरी दिवसांनी एकाऐवजी दोन कप विसळायचे होते, पूर्णिमा गेल्यावर तानाबाईनं ते सावकाश विसळले.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं आणि ती कामावर गेली. आवारात शिरली आणि थांबली. दारासमोरचे पिवळे चौकोन काळ्या रंगानं पुसले होते. पलीकडे, भिंतीला लागून, नवे चार चौकोन होते. रुंद होते, गाडीची दारं पुरती उघडतील असे. वर भिंतीवर चकचकीत फलक लावला होता आणि त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तानाबाईनं अक्षर अक्षर लावून वाचलं. 'एका आईच्या सूचनेवरून, आपल्या चिमुकल्यांसाठी.'

विजयसिंह तिच्या मागं येऊन उभा राहिला होता.

"त्या मॅडमनी पत्रात तुमचंच नाव लिहिलंय मावशी," तो म्हणाला. "तानाबाईंनी सांगितलेली जागा, असं. मी वाचलंय की. पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याचं असं करून टाकलं." तो घुटमळला. तिच्या नोकरीचा अर्ज त्यानंच भरून घेतला होता. 'मुलं' ह्या शब्दापुढच्या रकान्यात काय लिहिलं होतं हे त्याला आठवत होतं. "बदलायला सांगू काय? माझ्याकडनं फोन करतो मी."

तानाबाई फलकाकडं बघत होती. पुण्यात बसलेल्या, तिला कधी न पाहिलेल्या कुणा माणसानं पत्र वाचलं होतं, आणि तिच्यासाठी त्याच्या मनात 'आई'शिवाय दुसरा शब्दच आला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

तेवढ्यात एक गाडी आत आली. तानाबाईचा हात सवयीनं वर गेला, पण नव्या माणसानं शिट्टी वाजवून गाडी भिंतीकडे घेतली होती. तिनं हात खाली केला. गाडीतून एक बाई उतरली, मागचं दार तिनं पुरतं उघडलं आणि एका मुलीला उतरवून भिंतीशी उभं केलं. मुलीनं पाठ टेकवली, दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि ती आईचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.

आत पिशव्या तपासायच्या टेबलाजवळ माणसं खोळंबली होती. तानाबाईनं टोपी नीट केली आणि ती आत गेली.