रांगेचा शॉट

शाकीबनं पाटीच्या डाव्या कोपऱ्यावर चहाचं पाणी शिंपडलं, विटेचा चुरा चोळला आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. ‘कापूस खरेदी केंद्र’. कालच रंगवलेली पाटी दहा पावसाळे काढल्यासारखी दिसायला लागली. दिग्दर्शकानं असल्या कामाला हात लावायचा नसतो. पण अठरा वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या सिनेमांचे सेट सजवलेला माणूस तो. स्वतःचा पहिला सिनेमा असला म्हणून हात थोडेच ऐकतात!

बाळापूर रस्त्यावरचं, कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिनिंग त्यानं भाड्यानं घेतलं होतं. फाटक, वजनकाटा, खिडकीतलं कारकुनाचं टेबल, सगळं मांडून झालं होतं. कथेत कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची लांबच लांब रांग होती आणि निर्मात्यानं बैलबंड्या कबूल केल्या होत्या चार. चार बंड्यांची कसली आलीय रांग? वरातसुद्धा त्याहून मोठी असते. रांग नाही तर सिनेमात जीव नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात त्याची सहायक, पुण्याची प्राजक्ता, धावत आली.

“सर, फाटकाबाहेर बघा. वीसेक बंड्या उभ्या आहेत. आपण नाही बोलावलेल्या. त्यांना हे खरं वाटलंय.”

शाकीब फाटकाशी गेला. कापसानं शिगोशीग भरलेल्या बंड्या पार पुलापर्यंत लागल्या होत्या. दिवाळी होऊन महिना झाला तरी त्या साली सरकारी खरेदीचा पत्ता नव्हता. कोणीतरी पाटी पाहिली असणार आणि बातमी गावोगाव गेली. शाकीब अकोल्याचा, असली तोंडं तो लहानपणापासून पाहत आला होता. वाईट वाटायला हवं होतं. पण आत काही हललं नाही. इथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या पेपरात केव्हाच आतल्या पानावर गेल्या होत्या आणि तोही ते पान वाचेनासा झाला होता. त्याला एवढंच दिसलं, की ऊन बाजूनं येतंय आणि कापसावर झकास पडतंय.

“सांगू का त्यांना?” प्राजक्तानं विचारलं.

“शॉट झाल्यावर.”

“अहो सर, पण...”

“कॅमेरा गच्चीवर घे.”

कॅमेरा सगळ्यांना दिसत होता, पण टीव्हीवाल्यांच्या येरझाऱ्यांमुळे त्या वर्षांत वऱ्हाडात कॅमेऱ्याचं नवल कोणाला उरलं नव्हतं. फाटक उघडलं, बंड्या आत येऊ लागल्या. मधेच एक लाल मोटारसायकल घुसली आणि शॉट वाया गेला. शाकीबनं भोंग्यावरून सांगितलं, सगळ्यांनी पुलापर्यंत मागं जा आणि पुन्हा या. आता शिव्या पडणार म्हणून प्राजक्तानं मान खाली घातली. कुठलं काय! कोणी ‘काहून?’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. बैल वळले, गेले, परत आले. दुसऱ्यांदा नेमका ढग आला. पुन्हा भोंगा, पुन्हा पूल. तिसऱ्यांदा रांग जशी हवी तशी आली.

मग शाकीब गच्चीवरून खाली उतरला. पहिल्या बंडीवर नत्थुजी नावाचा म्हातारा होता, दोन्ही वेळा सगळ्यात आधी वळलेला.

“काका, हे खरं केंद्र नाई. आमी सिनेमा करून राहिलो. पाटी म्याच रंगवली.”

नत्थुजीनं पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हा ओरडला तर किती बरं होईल, असं शाकीबला मनापासून वाटलं.

“म्हंजे मोजमाप होनार नाई?”

“नाई.”

“मंग दोन-दोनदा वापस काहून पाठवलं आमाले?”

शाकीबच्या तोंडून खरं तेच निघालं.

“शॉट बराबर येत नव्हता.”

नत्थुजीनं कापसावरची ताडपत्री ओढून नीट केली, दोरीची गाठ घट्ट आवळली.

“आता आला?”

“आला.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि मागं वळून त्यानं हाळी दिली, “वळवा रे बंड्या. साहेबाचं काम झालं.”