‘भिमाजीमामा फायनल’ नावाचं सेटिंग

मी ‘भिमाजीमामा फायनल’ बोलतोय. नावावरून मला माणूस समजू नका. मी गाणं नाही आणि आवाजही नाही. हे मला आज दुपारीच कळलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. डोकं तरी कुठं आहे म्हणा!

मी एक सेटिंग आहे. मांडवगण फराट्यात मुजीबचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे मंडपाच्या सामानामागची एक खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. आवाज किती चढवायचा, ‘स’ची शिट्टी किती दाबायची, घुमतं ते किती कापायचं, असे पंधरावीस आकडे मिळून मी बनतो. माझ्यात एक फाटकही आहे. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ते बंद होतं, म्हणजे खोलीतल्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी माझा जन्म झाला. भिमाजीमामा शेवंतीची शेती करत आणि इनामगावपासून दौंडपर्यंत लग्नांत मंगलाष्टका म्हणत. माईक बंद पडला तरी मंडपाबाहेर चपला राखणाऱ्याला ऐकू जावं, असा त्यांचा आवाज. त्या दिवशी ते मुजीबला म्हणाले, “समृद्धीचं लगीन अजून ठरलं न्हाई. पर ठरंल तवा मला म्हणता यायचं न्हाई बघ. लेक बोहल्यावर उभी ऱ्हायली की गळा दाटंल माझा. म्हणून आत्ताच म्हणून ठिवतो.”

“ठिवा की मामा. हितं जपून ऱ्हातंय.”

मामांनी म्हटलं, मुजीबनं एकेक आकडा फिरवत मला घडवलं. दोघांनी एकदा ऐकलं. मामांनी डोळे पुसले आणि लग्न ठरलं की घेऊन जातो म्हणत ते घरी गेले.

मग मुजीबनं जे केलं ते मला आजवर कळलं नव्हतं. तो दहा वर्षं मंडपातला साउंडवाला. तिथं मिक्सरवर प्रत्येक गायकाचं सेटिंग ठेवायचं, की झालं सेव्ह. गायक काय, पुढच्या कार्यक्रमाला येतोच! त्याच सवयीनं त्यानं मला नाव दिलं आणि सेव्ह केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, बाकीचं ठेवायचं का? “आता केलं की सेव्ह! कितींदा इचारतो?” असं पुटपुटत त्यानं ‘नको’ दाबलं. मलाही वाटलं, बाकीचं म्हणजे काहीतरी फालतू असणार. मामांचं नाव तर माझ्यावर होतं.

त्या नावाची मला भारी ऐट होती. आपल्या पोटात मामांचा आवाज आहे, अशा भ्रमात मी तीन वर्षं काढली.

मागच्या वर्षी मामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मामा वाचले, पण आवाज गेला आणि घोगरी कुजबुज तेवढी उरली. समृद्धीचं लग्न आता येत्या रविवारी आहे. ती रांजणगावला कंपनीत कामाला असते. आज पहिली पाळी करून ती कंपनीच्या बसनं आली, ती वडलांना घेऊन थेट इथंच.

“मुजीबदादा, आप्पांच्या मंगलाष्टका द्या पेनड्राइव्हमधी.”

मुजीबनं मला उघडलं. मी सगळे आकडे जागच्या जागी नेऊन बसवले आणि वाट पाहत राहिलो. काहीच वाजलं नाही. त्यानं परत उघडलं, मी परत बसवले. स्वतःला तळापर्यंत धुंडाळलं, तर आकड्यांखाली नुसते आकडेच. आवाज गेला कुठं?

“मामा,” मुजीब म्हणाला, “मी सेटिंगच तेवढं ठिवलं. आवाज ठिवलाच न्हाई. चुकलो मी.”

“ऑपरेशन झाल्यापास्नं ह्याच्याच भरवशावर होतो की ओ आम्ही!” समृद्धीला रडू फुटलं.

मामांनी खुर्ची ओढली आणि माईकसमोर बसले. “चालू कर. म्हणतो मी.”

मी चालूच होतो. मामांनी सुरुवात केली आणि माझं फाटक धाडकन बंद झालं. मला वाटलं, पंखाच आहे. मध्येच एखाद्या शब्दाला जोर लागायचा, फाटक किलकिलं व्हायचं, की पुन्हा बंद. शेवटचं ‘सावधान’ तर मी अख्खं गिळलं. ज्या माणसासाठी मला घडवलं, त्यालाच मी ओळखलं नाही. याची मला फार लाज वाटते.

“मामा, दोष तुमचा न्हाई,” मुजीब म्हणाला. “सेटिंग जुनं हाय.” त्यानं फाटक काढून टाकलं, कापलेलं परत जोडलं आणि पंखा बंद केला. वैशाखाची दुपार, त्यात गोधड्यांची खोली. तिघंही घामानं निथळत होते. मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि थांबत, दम घेत म्हणत राहिले. समृद्धी समोरच उभी होती. त्यांचा गळा दाटला, पण ते शेवटपर्यंत गेले.

मुजीबनं विचारलं, “खरखर जरा कमी करू का?”

“नगं,” समृद्धी म्हणाली. “आप्पांचा आवाज आता ह्योच हाय.”

या वेळी मुजीबनं आधी आवाज ठेवला. कॉम्प्युटरमध्ये, पेनड्राइव्हवर, समृद्धीच्या फोनमध्ये आणि स्वतःच्याही. मग नवं सेटिंग ठेवायला त्यानं नाव लिहिलं, भिमाजीमामा फायनल. पडद्यावर प्रश्न आलाय की या नावाचं सेटिंग आधीच आहे, ते पुसून हे ठेवायचं का?

मुजीबचं बोट अडलंय. “मामा, जुनं ऱ्हाऊ दिऊ का? आठवण म्हणून?”

“कशाला? त्यात मी कुठं हाय?”

त्याचं बोट अडलंय तेवढ्यात मी हे बोलून घेतोय. मामा म्हणतात ते खरं आहे. पण मग तीन वर्षं त्यांच्या नावानं जगला तो कोण होता? आकडे बदलले की मी संपेन, की बदललेला मीच उरेन? मला काही कळत नाही. भीतीही वाटते. तरी एवढं मागतो, माझ्यासाठी अडू नकोस. दाब, मुजीब. लग्नघर आहे, त्या बापलेकीला घरी जायचंय.