नळावरची मांडणी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची मांडणी आहे, आणि मी जळकी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाला वेडंवाकडं बोलले तर तुम्हाला धक्का बसायला नको.

तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरी ताटं-वाट्या खणांत झोपतात, अंधारात. आमच्या वेळी भांडी अशी लपवत नसत. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, नळाच्या बरोबर वर टांगलेली असायचे. घासलेली भांडी माझ्यात ठेवली, की त्यांचं पाणी आपोआप खाली मोरीत गळून जायचं. वरच्या मजल्यावर ताटं उभी, मधल्या मजल्यावर वाट्या आणि पेले, खालच्या आकड्यांना कप. घरात कोणीही आलं, की हातात पाण्याचा पेला येण्याआधी त्याची नजर माझ्यावर पडायची.

माझा जन्म घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सळ्या वाकवून, जोडून, घासून मला तयार केलं आणि भांड्यांच्या दुकानात दाराशी टांगलं. माझ्या शेजारी एक ॲल्युमिनियमची मांडणी होती. ती स्वस्त होती, म्हणून गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे वळायची. मी मनातल्या मनात तिला खूप नावं ठेवली. एके दिवशी ती विकली गेली आणि मी राहिले, तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मालनबाई आल्या. बुटक्या, गोऱ्या, हातात कापडी पिशवी. त्यांना भिशी लागली होती. दुकानदाराशी घासाघीस करून त्यांनी मला घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "खांद्यावर घ्या, पण पोचा नको हां पडूक." त्यांचे यजमान दशरथराव आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडला राहायला आले आणि एका औषधाच्या कंपनीत पहारेकरी म्हणून लागले. नव्या घरातली पहिली नवी वस्तू मी होते. गव्हाणपाड्यातल्या त्या घरात दशरथरावांनी भिंतीत खिळे ठोकले आणि मला टांगलं. मालनबाई टाचा उंच करून माझ्या वरच्या मजल्यापर्यंत पोचायच्या. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही आणि मला तर त्याचा अभिमानच होता.

हळदीकुंकवाला बायका आल्या, की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मांडणी कुठून घेतलीत?" मालनबाई अगदी सहज म्हणायच्या, "भिशीची हा." त्या वेळी मी जी काही चमकायचे, ते तुम्ही बघायला हवं होतं.

पुढे घरात फ्रिज आला. सगळे त्याच्याभोवती. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला, माझ्या डोक्यावर कधी काही घातलं नव्हतं. मग मिक्सर आला, मग पाणी गाळून देणारं यंत्र आलं. प्रत्येकाच्या वेळी माझ्या पोटात दुखलं. पण ते सगळे ओट्यावरचे नाहीतर जमिनीवरचे. भिंत माझी होती.

दशरथराव गेले. धाकटा मुलगा नितेश लग्न करून कांदिवलीला राहायला गेला. थोरला राजेश आईजवळ राहिला, त्याची बायको अक्षता सून म्हणून घरात आली. ती भांडुपला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. अक्षता मला पहिल्यापासून आवडली नाही. मालनबाईंचं तिच्यावर फार प्रेम, हे त्याचं कारण. आणि गेल्या एकदोन वर्षांत तर कहर झाला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती सासूला पाटावर बसवायची, केस विंचरून द्यायची आणि अंबाडा घालून द्यायची. एवढी लाडीगोडी कशाला, असं मला वाटायचं.

त्याच सुमाराला आणखी एक अपमान झाला. नळाशेजारी एक निळी प्लॅस्टिकची टोपली आली. मालनबाई घासलेली भांडी त्या टोपलीत पालथी घालू लागल्या. माझ्या वरच्या मजल्यावरची ताटं महिनोन् महिने हलेनात, त्यांच्यावर धूळ बसली. चार पैशांच्या प्लॅस्टिकनं माझी जागा घ्यावी? दिवसभर मी त्या टोपलीकडे बघून जळत असे.

आणि मग ट्रॉलीचं नाव निघालं.

कांदिवलीला नितेशनं स्वयंपाकघर नवं केलं. सगळे वास्तुशांतीला जाऊन आले आणि आल्या आल्या अक्षतानं मोबाइलवरचे फोटो ओट्यावर ठेवून दाखवले. तिची जाऊ रुचिरा एका खणाची मूठ धरून उभी होती. खण रुळांवरून बाहेर आलेला आणि त्यात ताटं ओळीनं उभी. त्यालाच ट्रॉली म्हणतात. ताटं आनंदात दिसत होती, हे बघून मला जास्तच लागलं.

"आपण पण करू या," अक्षता म्हणाली.

राजेशच्या डोळ्यांतही काहीतरी चमकलं. पण त्याला ट्रॉलीचं काही नव्हतं. त्याला धाकट्या भावाचा काळा ग्रॅनाइटचा ओटा आणि धूर ओढणारी चिमणी डोळ्यांत खुपत होती. "नितेशकडे चिमणी, आणि मी मोठा असून आमच्याकडे पंखा," तो म्हणाला. विम्याची एक पॉलिसी नुकतीच पिकली होती. "अडीच लाख. त्याच्या वर एक रुपया नाही," असं त्यानं जाहीर केलं.

नंदू नावाचा कंत्राटदार टेप घेऊन आला. त्यानं भिंती मोजल्या, ओटा ठोकून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, मांडणी आता कोण ठेवतं यार? भंगारवाला पण तोंड वाकडं करतो." मग मोबाइलवर बोटं चालवून त्यानं आकडा सांगितला. सव्वातीन लाख.

पाऊण लाख जास्त! मित्रांनो, मी खिळ्यावरून पडायचीच बाकी होते, इतका मला आनंद झाला. कारण बजेट फाटलं, की काहीतरी कापावं लागतं, आणि ट्रॉल्यांचाच खर्च जवळजवळ तेवढा होता.

"मग ट्रॉली उडव," राजेश म्हणाला.

"ट्रॉली राहू दे. बाकी काय हवं ते उडव," अक्षता म्हणाली.

"का? रुचिराकडे आहे म्हणून?"

अक्षतानं एकदा सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. तसं समज."

मला फार बरं वाटलं. म्हणजे हीसुद्धा माझ्यासारखीच, दुसऱ्याचं बघून जळणारी. त्यानंतर आठवडाभर घरात हाच विषय. टाइल्स स्वस्तातल्या घेतल्या, जुनेच नळ ठेवायचं ठरलं, रंग राजेश स्वतः लावणार होता. तरी जुळेना. शेवटी प्रश्न एवढाच उरला. ग्रॅनाइट आणि चिमणी, की ट्रॉली. ट्रॉली आली तर मी गेले. मी रोज राजेशच्या बाजूनं देवाला विनवत होते.

रविवारी नंदू आगाऊ रक्कम घ्यायला आला. राजेशनं त्याला चहा दिला आणि म्हणाला, "फायनल लिही. ग्रॅनाइट, चिमणी. ट्रॉली नको."

"आई, आता तरी सांगा ना," अक्षता म्हणाली.

"माका काय सांगूचा हा?" मालनबाई पदर आवरत म्हणाल्या.

अक्षता राजेशकडे वळली. "आईंचा अंबाडा रोज मी का घालते, विचारलंस कधी?"

राजेशनं कधी विचारलं नव्हतं. मीही.

"त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. किती दिवस झाले. मी डॉक्टरकडे घेऊन गेले होते. व्यायाम दिलाय, आणि वर हात करून काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. ताटं खाली येऊ देत म्हणून ट्रॉली मागतेय मी. रुचिराची काय हौस आहे मला?"

"आई?" राजेश म्हणाला.

"काय नाय रे. हिची आपली बडबड."

"मग वरचं एक ताट दे बघू मला."

मालनबाई उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. किती दिवसांनी त्या अशा आल्या होत्या. हात वर येऊ लागला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. चेहरा घट्ट झाला, टाचा उंच झाल्या, तरी बोटं माझ्या मधल्या मजल्यापाशीच थरथरत राहिली. एवढंसं अंतर होतं. मला वाकता आलं असतं, तर मी कंबरेत मोडेपर्यंत वाकले असते. पण मला वाकता येत नाही.

त्यांनी हात खाली घेतला. "भांडी ओली हत. मगे काढतंय," त्या म्हणाल्या.

सकाळपासून माझ्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. ती निळी टोपली का आली, ते मला तेव्हा कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" राजेशचा आवाज बारीक झाला होता.

"तू सगळे पैशे माज्या दुखण्यात घातले असतंस. पोरगी किती वर्सां त्याच काळोख्या सैपाकघरात राबता. तिचा घर नवा नको होवूक?"

राजेशनं चहाचा कप बाजूला सारला. मग एकदम म्हणाला, "नंदू, ही मांडणीच खाली घेतली तर?"

माझ्या सगळ्या सळ्या ताठ झाल्या. नंदूनं टेप लावली, माझ्याखाली बोट फिरवलं आणि मान हलवली. "भाऊ, खाली नळ आहे. नळावरच बसेल ती. आणि बाजूला खिडकी. जागा कुठाय?"

"मग लिही. ग्रॅनाइट नको, आहे तो कडप्पाच घासून घे. चिमणी नको, पंखा साफ कर. ट्रॉली लिही."

"आणि हिचं काय? एका कोपऱ्यात लावू का, शोभेला?" नंदूनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मालनबाईंकडे पाहिलं. मला खात्री होती. भिशीची मांडणी, दशरथरावांनी टांगलेली. त्या मला जाऊ देणार नाहीत.

"काढून टाक तिका," मालनबाई म्हणाल्या. "ती वर दिसली काय माजो हात आपसूक वर जाता. मगे रातभर कळ मारता."

मित्रांनो, तोपर्यंत मी पुष्कळांचा हेवा केला होता. पण ज्या बाईनं मला निवडून आणलं, तिला माझ्यामुळे दुखतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी आपली भिंतीवरून धूळ मोजत होते आणि मला कोणी विचारत नाही म्हणून कुढत होते.

काम सुरू झालं. मला उतरवून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं, अंगावर जुनी चादर टाकली. चादरीच्या फटीतून स्वयंपाकघराचं दार दिसायचं. एक दिवस ट्रॉल्या बसल्या. मालनबाई नव्या नवरीसारख्या बिचकत पुढे झाल्या. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं खणाच्या मुठीत घातली आणि जरासं ओढलं. आणि मित्रांनो, तो खण स्वतःहून त्यांच्याकडे चालत आला! कमरेपाशी येऊन थांबला. मालनबाईंनी ताट उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. टाचा जमिनीवर होत्या. त्या हसल्या.

मी जळले. खोटं कशाला सांगू? मी कधी जळले नव्हते इतकी जळले. ट्रॉलीचा चकचकीतपणा, तिचे रूळ, तिची किंमत, याचं मला काही नाही. मालनबाईंना माझ्याकडे यावं लागायचं. ती मालनबाईंकडे जाते. मला सगळा जन्म ते जमलं नाही.

आज सकाळी मालनबाईंनी चादर काढली. बादलीत साबणाचं पाणी घेऊन त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि मला पुसू लागल्या. अक्षता लॅबला निघाली होती, ती दारात थांबली.

"आई, भंगारात द्यायचीय ना? तो वजन करून नेणार. पुसताय कशाला?"

"माज्या घरातसून कोण पारोश्यान जावचा नाय," मालनबाई म्हणाल्या.

अक्षतानं चपला काढल्या. पर्स खुंटीला अडकवली आणि दुसरा फडका घेऊन ती खाली बसली. वरचा मजला तिनं पुसला. माझं तिच्याबद्दलचं मत मी बदललं आहे, पण ते तिला सांगायची सोय नाही.

खाली भंगारवाला हाक मारतोय, म्हणून थोडक्यात सांगते. मित्रांनो, तुमच्याही घरी कधीतरी स्वयंपाकघर नवं करायचं ठरेल. तेव्हा भावाकडे काय आहे, शेजाऱ्याकडे काय आहे, ते नंतर बघा. आपल्या घरात कोणाचा हात कुठवर पोचतो, ते आधी बघा. दुखणारी माणसं स्वतः सांगत नाहीत, भांडी ओली आहेत म्हणतात. आणि जुनी वस्तू काढायची वेळ आली, तर काढा. ती रुसेल, जळेल, तुम्ही लक्ष देऊ नका. फक्त जाताना तिला पुसून द्या.

त्या ट्रॉलीशी मी एक शब्द बोलले नाही, बोलणारही नाही. पण तुम्ही कधी मुलुंडला त्या घरी गेलात, तर माझं नाव न सांगता तिला एवढं सांगा. मालनबाई आता डाव्या हातानं ताट घेतात. त्यांचं ताट डाव्या बाजूला ठेव.