राखणदाराचा वाटा

खरं हाय, खरं हाय, तिरवार खरं हाय! एकवीरा आईची आण घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा. ज्याला पटत नसेल त्यानं सातपाटीला जाऊन कावळ्यांना विचारावं. ते अजून घाबरलेले हायत.

तर सालवडला मैनाबाई राहते. मूळची जामनेरकडची. मुलगा चंद्रभान बोईसरला कंपनीत लागला, त्याच्यामागं ही आली. घरात सून प्रतीक्षा आणि अडीच वर्षांचा नातू भाग्येश. आता हा भाग्येश म्हणजे काय चीज! खाणार काय, तर पांढरा भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. भातात एक मोहरी दिसली की ओठ असे मिटायचे, की तोंड होतं कुठं तेच सापडू नये. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मोबाईलवरची कार्टूनं झाली. प्रतीक्षानं पालक वाटून भातात लपवला, तर पोरानं वाटीकडं असं बघितलं जसा हवालदार चोराकडं बघतो.

पण हसण्यावारी न्यावं असं राहिलं नव्हतं. चाळीतली पोरं अंगणात उंडारायची आणि हा जरा धावला की पायरीवर बसायचा, नखं पांढरीफटक. पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे याचं. औषध देते, पण पानात रंग दिसला पाहिजे." त्या दिवसापासून पोर खाईना म्हणून आईच्याही घशाखाली घास उतरेना. मैनाबाईनं मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली. दृष्ट गेली असेल, भूक काय आली नाय.

सातपाटीची गोदूबाई माशांची पाटी घेऊन सालवडला फिरायची. ती दारावरून गेली की मैनाबाई पदर नाकाला लावायची. गळ्यात माळ नाय, कसलं व्रत नाय, नुसता वासाचा तिटकारा. एक दिवस मैनाबाई उंबऱ्यात बसून नातवाला वरण चाटवत होती. "चाखून तर बघ रे माझ्या राजा! चाखल्याबिगर कसं कळंल?"

गोदूबाईनं पाटी खाली उतरवली. "पोराला बरी शिकवतेस गो बाय. तू कवा चाखलास बोंबील?"

"मी? अगं माय! वासानंच ढवळतं मला."

"मंग नातू कोणावर गेला ते समजलं."

मैनाबाईचं तोंड एवढंसं झालं. आत प्रतीक्षा फिस्सकन हसली, कितीतरी दिवसांनी.

"माझ्या वलांडीवर घेऊन या पोराला," गोदूबाई म्हणाली. "खायला नको. नुसता बघायला."

सून, सासू आणि पोर पालघरहून एसटीनं सातपाटीला उतरली. किनाऱ्याकडं वळली मात्र, मैनाबाईचे पाय जागीच रुतले. वाळूत बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या, एकीच्या वर एक, आणि त्यांच्यावर नजर पोचेल तिथपर्यंत काहीतरी रुपेरी लोंबतंय. वारा आला की सगळं मिळून झुळझुळायचं. जणू समुद्रच उभा करून वाळत घातलाय.

"बाई गं! एवढ्या कुरडया कुणी घातल्या?"

गोदूबाई हसता हसता वाळूतच बसली. "कुरडया नाय गो, बोंबील! वलांडी म्हणतात ती हीच."

भाग्येश आईच्या कडेवरून खाली घसरला. मान मागं टाकून बघतच राहिला. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला, अशी जोडी जोडी दोरीवर टाकलेली.

"ते चावतात?" त्यानं हळूच विचारलं.

"चावतील कशाला? घास भरवतात एकमेकाला," गोदूबाई म्हणाली. "तोंड मिटलं की धपकन खाली."

पोराचं तोंड आपसूक उघडलं. तसंच उघडं राहिलं.

तेवढ्यात कावळे उतरले. आणि मैनाबाई, जी वासानं मरणार होती, तिला जामनेरची गच्ची आठवली. तिथं कुरडया वाळत घातल्या की एक पोर काठी घेऊन राखणीला बसायचं आणि राखणदाराला ओल्या कुरडईचा वाटा मिळायचा. घरचा कायदाच होता तो. तिनं पडलेली एक काटकी उचलून नातवाच्या हातात दिली. "तू राखणदार. एकही कावळा बसता कामा नये."

काय सांगू तुमाला! ज्या पोराला चार पावलांत धाप लागायची, ते "हाड! हाड!" करत वलांडीखालून असं फिरलं, की कावळे थेट तारापूरपर्यंत उडाले. दम लागला की बसायचं, पुन्हा उठायचं, पण काटकी सोडली नाय.

ऊन चढलं. गोदूबाईनं सुका बोंबील निखाऱ्यावर भाजला, काटे काढले, पानावर ठेवला. "राखणदाराचा वाटा," एवढंच बोलली आणि पाठ फिरवून जाळं आवरायला लागली. मैनाबाई "खा रे राजा" म्हणणार, तोच गोदूबाईनं तिला चिमटा काढला. "गप! बघू पण नको त्याच्याकडं."

मग तिघी बायका समुद्राकडं तोंड करून उभ्या. प्रतीक्षानं सासूचा हात धरलेला. मागं काही आवाज नाय. मैनाबाईनं हळूच तिरक्या नजरेनं पाहिलं. पोरानं तुकडा हुंगला. जीभ लावली. खाली ठेवला. वर दोरीकडं बघितलं, त्या उघड्या जबड्यांकडं. पुन्हा उचलला.

कुर्रर्र.

वारा थांबला. आईची आण, थांबला! झुलणारे बोंबील जागच्या जागी राहिले, कावळे गप्प झाले, आणि एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर एकच आवाज ऐकू येत होता, दुधाच्या दातांचा. प्रतीक्षाच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा. मैनाबाईला वाटलं, देवळाचा गाभारा उघडताना बघतोय आपण.

मग पोर उठलं, उरलेला तुकडा मुठीत धरून आजीसमोर आलं. "आजी, आ कर."

गोदूबाई नुसती बघत होती. हसली पण नाय.

मैनाबाईला आयुष्यात एवढी मोठी वस्तू कुणी दाखवली नव्हती, बोटाएवढा बोंबील तो! ती वाळूत टेकली, डोळे सताड उघडे ठेवले, आ केला आणि खाल्ला.

आता पोर सगळं खातं असं नाय. वांगं अजून थुंकतं. पण प्रतीक्षा मेथी निवडायला बसली की हा काटकी घेऊन राखणीला, आणि वाटा मागून घेतो. परवा पालकाचा घेतला. नखांवर गुलाबी रंग यायला लागलाय.

सगळं खरं हाय. वारा थांबला तेही खरं. फक्त ते डोळे सताड उघडे ठेवल्याचं तेवढं माझ्या पदरचं. घट्ट मिटले होते मैनाबाईनं, आणि तो एवढासा जीव तिचा गाल थोपटत होता, "गिळ, आजी, गिळ."