होडीचा उजवा हात

आधीच सांगते, केनियाला मी देवधर्म करायला गेले नव्हते. चाळीत मात्र शेजारच्या सीमाने तसंच पसरवलं. ख्रिस्ती लोकांचं बोलावणं आहे म्हटल्यावर तिने मला भर गॅलरीत विचारलं, तिकडे गेल्यावर नाव काय ठेवणार गं तुझं? मी म्हटलं, तुझंच घेते, म्हणजे लोक देतील त्या शिव्या तुला लागतील. चार दिवस बोलली नाही. तेवढाच आराम.

मी गेले होते दोऱ्याचे खेळ शिकवायला. दोऱ्याचं एक कडं घ्यायचं, दोन्ही हातांच्या बोटांत अडकवायचं आणि ओढून, उचलून, सोडून त्यातून होडी काढायची, पाळणा, कुर्ली म्हणजे खेकडा, जाळं. भोईवाड्याच्या बालवाडीत एकतीस वर्षं मी याच्यावर पोरं गप्प बसवली. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी परळच्या इस्पितळात आजारी मुलांपाशी जाऊन बसायची. तिथेच सुरुची भेटली. ती मराठी ख्रिस्ती, गिरगावात राहणारी, त्यांच्या संस्थेतर्फे मुलांना गोष्टी सांगायला यायची. तिच्या गोष्टीपेक्षा माझ्या दोऱ्याला गर्दी जास्त, पण बाई मोठ्या मनाची, कधी राग धरला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना, गुणाजींना, झटका आला. डावा हात, डावा पाय गेला आणि माझा बुधवारही गेला. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, चांगला हात चालता ठेवा, मन रमवा. ह्यांचं मन कशात रमणार, तर माझ्या दोऱ्यात. मग रोज संध्याकाळी मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसायची. होडीचा डावा हात माझा, उजवा ह्यांचा. माझा उजवा हात ह्यांच्या पाठीमागे, कलंडू नयेत म्हणून. दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही.

त्यात सुरुचीचा फोन आला. केनियात त्यांचं शिबिर आहे, सहा देशांचे तरुण कार्यकर्ते येणार, छावण्यांत आणि वस्त्यांत मुलांबरोबर काम करणारे. तिकीट संस्थेचं, ती स्वतः सोबत असणार, माझं बोलणं इंग्रजीत सांगणार. मी हो म्हणून टाकलं आणि मग ह्यांना विचारलं. खोटं कशाला बोलू? मला दहा दिवस माझे दोन्ही हात माझ्यासाठी हवे होते. भात कालवायला नको, गुंड्या लावायला नकोत, कोणाची पाठ धरायला नको. सुभद्रा नावाची एक बाई एकेकाळी काहीतरी करत होती, ती अजून आहे का ते बघायचं होतं.

हे एवढंच म्हणाले, "तू जा गो. मी खंय जातंय?"

लेक श्रेया रजा टाकून राहायला आली. मी पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून जाळ्याचा दोरा आणला आणि गाठ न मारता, टोकं मेणबत्तीवर वितळवून, चाळीस कडी जोडली. गाठ असली की ती बोटाला अडते आणि पोराचा रस जातो.

शिबिर नैरोबीच्या वरच्या अंगाला, चहाच्या मळ्यांत. जुलैत तिथे थंडी, हे कोणी सांगितलं नव्हतं. शिबिराची प्रमुख मर्सी. उंच, हसरी, माझ्या बॅगा स्वतः उचलणारी, आणि डोक्यावर मिरी वाटणारी. आल्या आल्या तिने कागद पुढे केला. प्रत्येक आकृतीसमोर रकाना: हिचा संदेश काय? मी सुरुचीला म्हटलं, सांग हिला, होडीचा संदेश होडी. सुरुचीने काय सांगितलं देव जाणे, मर्सी मान हलवून गेली आणि संध्याकाळी तोच कागद घेऊन परत आली. कुर्लीचा तरी संदेश असेल ना? मी म्हटलं, आहे, जपून धरावी, नाहीतर चावते. तो तिने लिहून घेतला. कपाळ माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीस जणं गोल करून बसली, बत्तीस मोबाइल माझ्यावर रोखलेले. मी कडं अंगठ्यात आणि करंगळीत घेतलं. आता दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने समोरच्या तळहातावरचा दोरा उचलायचा. एकतीस वर्षं झोपेतसुद्धा काढली असती ती होडी. डाव्या हाताने आपलं काम केलं. उजवा मात्र नुसता कडं धरून थांबला. मी मनात म्हटलं, उचल मेल्या. तो ढिम्म. कडं सोडलं, पुन्हा सुरू केलं. पाचव्या पायरीपर्यंत गेले आणि सगळा गुंता झाला. तिसऱ्यांदा दोऱ्यात उजवा हात दिसेना म्हणून खाली पाहिलं, तर तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीमागे जाऊन बसला होता, कोणीतरी कलंडेल म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते समुद्र ओलांडून दाखवायला गेले मी. कानांतून वाफा निघत होत्या. स्वतःचा राग आला, मोबाइलांचा आला, आणि सगळ्यांत जास्त ह्यांचा आला. घरी बसल्या बसल्या माणसाने माझा हात ठेवून घेतला होता. रडले असते, पण बत्तीस मोबाइल चालू होते.

शेवटी सुरुचीला ओढून उजव्या बाजूला बसवलं. डावा हात माझा, उजवा तुझा, मी म्हणीन तसं कर. तिला शिकवता शिकवता होडी निघाली. मग समोरच्यांनाही म्हटलं, मोबाइल खाली, जोड्या करा, एकेकाने एकच हात वापरायचा. ती पोरं खिदळत शिकली. मर्सीच्या डोळ्यांत पाणी. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आपल्याला एकमेकांची गरज आहे. सुरुचीने मराठीत सांगितल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं बाई, गरज नको म्हणून तर मी इथवर आले होते. पण हे कोणत्या भाषेत सांगणार?

उरलेले दिवस पहाटे उठून, एकटी, उजव्या हाताला शिकवत बसले. परतायच्या दिवशी होडी एकटीने निघाली. कोणी बघायला नव्हतं.

घरी पोचले तर श्रेयाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हे खिडकीशी पाठमोरे. एक कडं खिडकीच्या दोन गजांत अडकवलेलं, आणि ह्यांचा उजवा हात त्यात खाली-वर चाललेला. डावा हात गज, उजवा ह्यांचा. शेवटचा दोरा सोडला आणि होडी उभी राहिली. वाकडी होती, पण होडीच होती. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललंय, श्रेया म्हणाली.

ह्यांनी मान वळवली. तोंड एका बाजूने हसलं.

"बघ गो. तुझ्याबिगर जमता माका. आता तू बुधवारी इस्पितळात जा."

मला हवं होतं ते हेच. दोन वर्षं हेच हवं होतं. आणि तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या जागी गज! गंजलेला, चार वर्षं रंग न लावलेला गज.

मी बॅग दारातच टाकली, स्टूल ओढलं आणि ह्यांच्या डाव्या बाजूला बसले. गजावरचं कडं काढून माझ्या डाव्या हातात घेतलं. उजवा हात आपणहून ह्यांच्या पाठीमागे गेला. या वेळी मी त्याला काही बोलले नाही.

"बुधवारी जाईन," मी म्हटलं. "आज मंगळवार आहे. सरका."