वजन स्थिर होईपर्यंत

बाहीच्या काठात अडकलेलं कुसळ तिला सकाळपासून टोचत होतं, आणि ते काढायचं तेवढं राहून जात होतं... गवताच्या कागदी पिशव्या काल गाडीतून उतरवल्या तेव्हाचं असणार. पिशवी प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळायला ठेवायची, काढायची, तोलायची, पुन्हा ठेवायची — वजन उतरायचं थांबेपर्यंत. मग ज्या चौकोनातून ते गवत कापून आणलं, त्याच्याशी स्क्रीनवर ताडून पाहायचं. उपग्रहाच्या चित्रात चौकोन हिरवागार. काट्यावर मात्र मूठभर काड्या. "तिथली काळपट माती उपग्रहाला फसवतेय की काय, ते इथे बसून कळायचं नाही," साहेब सकाळी म्हणाले होते. "उद्या गाडी जातेय. आठवडाभराचं काम. या वेळी तरी येतेस ना? संध्याकाळपर्यंत सांग."

येतेस ना! त्या कोरड्या प्रदेशातला चौकोन न् चौकोन तिला तोंडपाठ, आणि पाय एकदाही लागलेला नाही. दर वर्षी गाडी जाते, दर वर्षी ही दारात उभी राहून हात हलवते — कारण घरी बाबा, एक अंग लुळं पडलेले, त्यांना कूस बदलायलासुद्धा मी लागते, आत्या येते पण तिला जमत नाही, माझ्यासारखं कुणालाच जमत नाही... हे ती इतक्यांदा बोलली होती की आता सगळे नुसतं विचारल्यासारखं करत. त्याचाही तिला राग यायचा.

दुपारी तिने घरी फोन लावला. बाबांनी नाही म्हणावं एवढ्यासाठीच लावला होता, हे तिला मागाहून कळलं.

"अगं, जाऊन ये की," बाबा म्हणाले. "आत्या आहे. आणि मी काय पळून जातोय होय?" आपल्याच विनोदावर ते हसले.

"नको बाबा. तुमचे हाल होतील."

बाबा हळूच म्हणाले, "दर वेळी माझं नाव पुढे करू नकोस गं."

फोन ठेवून तिने पिशवी तोलली. मघाचंच वजन. पुन्हा तोलली. तेच. आता यातून आणखी काही जाणार नव्हतं.

खोलीचं दार उघडंच होतं, आणि ते तसं उघडं असल्याचा तिला विलक्षण संताप आला. बाहीतलं कुसळ तिने शेवटी उपटलं, टेबलावर ठेवलं, आणि का कोण जाणे, त्यावर ओलं बोट टेकवलं. वाळून कडक झालेली ती काडी पाणी लागताच हळूहळू पीळ सोडू लागली, वळू लागली... ती बघत राहिली. तिला भीती वाटत होती. बाबांचे हाल होतील याची नव्हे — आत्याजवळ ते मजेत राहतील याची.