एकशे चौदा पानांचा अभ्यासक्रम

चारुशीला सावंत अकरा वर्षं कुवेतमध्ये ड्रॉइंग्ज काढत होती. पदवी सिव्हिल इंजिनिअरची, पण मंगफजवळच्या कन्सल्टंटच्या ऑफिसात जागा मिळाली ती ड्राफ्ट्समनची, आणि अकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावरही, तेच लिहिलेलं राहिलं. तिने बेतलेल्या इमारतीच्या पायाच्या ड्रॉइंगवर सही दुसऱ्याची असायची. म्हणून २००१ साली कॅनडाला जायचं ठरू लागलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "दिनकर, तिथे मी इंजिनिअर म्हणूनच जाणार. नाहीतर इथेच बरी आहे."

तिने तिथल्या एका प्रांतात इंजिनिअरच्या परवान्यासाठी अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं. पदवी परदेशातली, तेव्हा शिकलेल्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी पाठवा. नसेल तर नऊ परीक्षा द्या. चारूने घाटावरच्या आपल्या कॉलेजला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

शुक्रवारी कणकवलीला फोन केला तेव्हा तिने हे वडिलांना सांगितलं. तुळशीदास सत्तरीचे, एसटी डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले.

"पत्रान काय होवचा नाय," ते म्हणाले. "मी जातंय. माझो पास आसा."

ते गेले. लायब्ररीत १९७९ चं अभ्यासक्रमाचं पुस्तक सापडलं, पण एकच प्रत, पानं सुटायला आलेली. ग्रंथपाल ते दाराबाहेर नेऊ देईनात आणि आत झेरॉक्सचं मशीन नव्हतं. तुळशीदासांनी विचारलं, "हयच बसून उतरवन घेतलंय तर?" ग्रंथपालांनी खांदे उडवले.

मग पहाटेची गाडी धरायची, चार तास लिहायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. असे बावीस दिवस. त्यांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरतं. पण डेपोच्या वहीत आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या, अक्षर रेखीव होतं.

फोनवर आई, मालन, कुरकुरायची. "डोळ्यांतसून पाणी गळता. मोतीबिंदूचा ऑपरेशन पुढे ढकलल्यानी. माझा आयकत नाय, तू तरी सांग."

चारूने सांगितलं. पण फार जोर लावून नाही. तिला ती पानं हवी होती.

पार्सल मंगफला पोचलं. एकशे चौदा पानं, प्रत्येकावर प्राचार्यांचा शिक्का. शब्द न् शब्द बरोबर होता. गणिताच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'चारू, हे चिन्ह कळले नाही. पुस्तकात दिसले तसे काढले आहे.' ते इंटिग्रलचं चिन्ह होतं, सुबक, जरा जास्तच लांब. पाठवण्यापूर्वी तिला ती ओळ पुसावी लागली. खोडरबर हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली.

अडीच महिन्यांनी नकार आला. हाताने लिहिलेली प्रत चालणार नाही, शिक्का कुणाचाही असो. छापील अभ्यासक्रम संस्थेनेच बंद लिफाफ्यात थेट पाठवावा. चारूने कॉलेजला फोन लावला. कारकून म्हणाला, "मॅडम, मार्चमध्ये जुनी पुस्तकं रद्दीत काढली."

शुक्रवारी वडिलांनी विचारलं, "काय झाला गो?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "मान्य केल्यानी, बाबा."

पलीकडून एवढं मोठ्याने हसू आलं की तिने रिसीव्हर कानापासून दूर धरला. त्या संध्याकाळी त्यांनी डेपोत पेढे वाटले.

तिने परीक्षांची पुस्तकं मागवली. ऑफिस, स्वयंपाक, लेकीचा, प्रियांकाचा अभ्यास, मग स्वतःचा. बेचाळिसाव्या वर्षी तिने दोन पेपर दिले. एकात पास झाली, एकात नापास. उरलेल्यांची फी तिने भरलीच नाही. कॅनडाची फाईल बंद झाली.

२००३ च्या मे महिन्यात ती घरी गेली. ऑपरेशनला उशीर झाला होता. वडिलांना उजव्या डोळ्याने आता जेमतेम उजेड कळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "त्या परवान्याची झेरॉक्स हाडलंस? फ्रेम करून लावया."

चारू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

ते हळूच म्हणाले, "माझ्या अक्षरामुळा झाला काय गो?"

"नाय ओ बाबा! अक्षर चांगलाच होता. नियमच तसो आसा."

"कणकवलीत टायपिंगवालो होतो. त्याच्याकडसून करून घेतलंय असतंय. माका वाटला, हातान लिवलेला त्यांका बरा दिसात."

"बाबा, टाईप केलेलाही चालला नसता."

"मगे तू खोटा कित्याक बोललंस? मी डेपोत पेढे वाटलंय."

ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत.

ती कुवेतला परतली. पुढे ऑफिसात अक्षय नावाचा पंचविशीचा इंजिनिअर आला. त्याला काम तिनेच शिकवलं, आणि वर्षभराने तिच्या ड्रॉइंग्जवर तो सही करू लागला.

शुक्रवारचा फोन तिने चुकवला नाही. पूर्वी तो वडीलच उचलायचे. आता आई उचलायची.

"बाबा आसत?"

"आसत. हयच बसले हत." मग आवाज खाली यायचा. "बोलूक नको म्हणतत."

तरी चारू लगेच फोन ठेवत नसे. पलीकडून बाबांचा आवाज तरी येतो का, ते ती थोडा वेळ ऐकत राही.